मिठाचा पुडा आणि तराजू

पंपावर पेट्रोल कमी भरतात, असा संशय आला की काही जण ते बाटलीत मोजून पाहतात. बाटलीच्या खुणांवर काही सिद्ध होत नाही हो. पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं, ते मागा. पाच लिटरमागे २५ मिली इकडे-तिकडे चालतं, घट त्याहून जास्त आली तर बोला.

आमच्या सोलापुरात माझ्या वडिलांची पद्धत याहून साधी. मंडईला जाताना पिशवीत एक किलोचा न फोडलेला मिठाचा पुडा. आधी तो तराजूवर, मग कांदे. गेल्या महिन्यात एका गाड्यावर त्याच पुड्याचं वजन भरलं ११२०! पोरगा म्हणाला, "का ओ काका, मीठ विकायला आलाव का?" वडील म्हणाले, "न्हाई रे, तुझा तराजू विकत घ्यावा म्हणतोय, सगळंच वाढवून देतोय की." शेजारचा चटणीवाला फिस्सकन हसला. पोराने काटा उचलून झटकला, पुन्हा ठेवला. आकडा १००५. पिशवीचं प्लॅस्टिक धरून बरोब्बर.

बाकी, इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. सील आणि त्यावरचा शिक्का बघायचा, नसेल तर वैधमापन विभागाकडे, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार करता येते. वडिलांनी केली नाही. पोरगं लहान आहे म्हणाले. मला पटलं नाही, पण कांदे त्याच्याकडूनच घेतले.