अ‍ॅलीनचे हायड्रोजन एका प्लेनमध्ये का नसतात?

कळवा_स्लो:
अकरावीला आहे, ठाण्यात क्लासला जातो. एथिलीन सपाट, सहाही अ‍ॅटम एका प्लेनमध्ये, ते कळलं. मग अ‍ॅलीनला (ओळीत तीन कार्बन, दोन्ही टोकांना दोन-दोन हायड्रोजन) तर दोन डबल बॉन्ड आहेत, ते आणखीच सपाट हवं ना? सर म्हणाले टोकांचे सीएच२ एकमेकांना ९० अंशात, पाठ कर. का विचारलं तर पुढचा चॅप्टर सुरू!

ऐरोलीकर:
सिग्मा मोज, म्हणजे दोन अ‍ॅटममधला सरळ रेषेतला पहिला बॉन्ड. मधला कार्बन दोन सिग्मा म्हणजे एसपी, टोकाचे तीन तीन म्हणजे एसपी२. परीक्षेला बास.

कळवा_स्लो:
ते येतं हो, पण वळलेलं का?

नेरुळची_मावशी:
अरे मधल्या कार्बनकडे बघ. एक एस नि एक पी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन राहतात त्या जागा) मिसळून एसपी झाले, म्हणजे दोन पी उरले, एक उभा नि एक तुझ्या अंगावर येणारा. डावीकडच्या पाय बॉन्डने (डबल बॉन्डमधला दुसरा, शेजारचे दोन पी बाजूने भिडून होणारा) उभा घेतला की उजवीकडच्याला दुसराच घ्यावा लागतो, एकच पी दोघांना कसा पुरणार. आता टोकाच्या कार्बनचे हायड्रोजन त्याच्या पीला काटकोनात असलेल्या प्लेनमध्ये बसतात, त्यामुळे डावीकडचे आडवे पडतात नि उजवीकडचे उभे. विश्वास नसेल तर बटाट्याचे तुकडे नि टूथपिक घेऊन बस, आई ओरडेल, ओरडू दे. आणि तीन डबल बॉन्डवालं ब्युटाट्राइन केलंस तर परत सपाट येईल.

घोडबंदर_ट्रॅफिक:
भारी सांगितलंत मावशी. यातूनच गंमत होते, पेन्टा-२,३-डाइनमध्ये एकही कायरल कार्बन (चार वेगळे गट जोडलेला) नाही तरी अख्खा रेणू कायरल, म्हणजे आरशातल्या प्रतिमेवर तंतोतंत न बसणारा. डच केमिस्ट व्हॅन्ट हॉफने अ‍ॅलीनबद्दल हे १८७५ लाच सांगून ठेवलेलं, लॅबमध्ये सिद्ध व्हायला १९३५ उजाडलं. फक्त एक लक्षात ठेव, ऑर्बिटल खरोखर कुठे बसून 'मिसळत' नाहीत, ही अमेरिकन केमिस्ट पॉलिंगने १९३१ मध्ये मांडलेली हिशोबाची पद्धत आहे. मीथेनचे चारही बॉन्ड सारखे, पण त्याच्या फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रममध्ये (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून त्यांची एनर्जी मोजतात तो) व्हॅलन्स, म्हणजे बाहेरच्या, इलेक्ट्रॉनचे पट्टे दोन वेगवेगळ्या एनर्जीला दिसतात.

ऐरोलीकर:
झालं, आता पोरगं झोपणार नाही.

कळवा_स्लो:
मावशी केलं! तीन तुकड्यांना टूथपिक काटकोनात आल्या, चौथा लावला तर परत सपाट. आज घरी काचऱ्या आहेत.