मदत हवी आहे: सेंटओएस ६ वर डर्टी काऊचा पॅच

आमच्याकडे एक जुना सर्व्हर आहे, सेंटओएस 6.7 (लिनक्स), कर्नल (ओएसचा गाभा) 2.6.32-573, त्यावर डर्टी काऊचा (2016 मध्ये उघड झालेली कर्नलमधली त्रुटी, जिच्यामुळे साधा युजर रूट होऊ शकतो) पॅच टाकायचाच आहे कारण पाच-सहा जणांना शेल लॉगिन आहे, त्यामुळे नुसत्या फायरवॉलने भागणार नाही. यम (पॅकेज अपडेट करणारं टूल) अपडेट चालत नाही, मिरर बंद झालेत, म्हणून व्हॉल्टमधून (सेंटओएसच्या जुन्या पॅकेजेसचं भांडार) 2.6.32-642.6.2 या दुरुस्त कर्नलचं आरपीएम (इन्स्टॉल पॅकेज) दुसऱ्या मशीनवर उतरवून ठेवलंय. ते rpm कमांडला -यू (जुनं काढून अपडेट) न देता -आय (नवं शेजारी इन्स्टॉल) नेच टाकणार, म्हणजे जुना कर्नल ग्रबमध्ये (बूट मेनूत) राहील. ओएस बदलता येत नाही, सर्व्हरमधल्या एका कार्डचा ड्रायव्हर 573 कर्नलवर कंपाइल केलेला आहे आणि सोर्स नाही. बंद ठेवायला फक्त रविवार मिळतो. तर तो ड्रायव्हर 642 वर लोड होईल का, हे रीबूट करायच्या आधीच कसं तपासायचं?