मदत हवी आहे: 'युनिव्हर्सलिस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरच्या युनिव्हर्सलिस्ट चर्चवर मराठीत लेख लिहितेय. देव शेवटी सगळ्यांनाच तारतो, कुणीच कायमचं नरकात राहत नाही, ही त्यांची श्रद्धा. १७७९ मध्ये ६१ जणांनी सह्या करून स्वतंत्र मंडळी स्थापली, पाळक जॉन मरे. गावच्या जुन्या चर्चचा कर द्यायला नकार दिला, तर जप्ती आली. एकाचं जहाज निघायच्या बेतात होतं, त्याचा नांगरच उचलून नेला! शेवटी १७८६ मध्ये कोर्टात जिंकले. तो नांगर माझ्या मनातून जात नाही.

अडलंय ते शब्दापाशी. 'विश्ववादी' ढोबळ वाटतं, 'सर्वमुक्तिवादी' बोजड. मराठी ख्रिस्ती उपासनेत 'तारण' रुळलेला शब्द आहे, मग 'सर्वतारणवादी' चालेल का? ख्रिस्ती घरांतल्या वाचकांनी जरूर सांगा, तुमच्या कानाला कसं वाटतं?