जुनी सॉफ्टवेअर, नवा संगणक : तुमचं कुठे अडलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा जुना डेस्कटॉप ठणठणीत होता, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि ते त्यात नव्हतं. नवा घेतला. फायली एका संध्याकाळी कॉपी झाल्या, त्या उघडण्यात पुढचे तीन आठवडे गेले.

वडिलांनी निवृत्तीनंतर टाइप केलेल्या आठवणी, सुमारे १४० पानं, कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. नव्या मशीनवर फाइल उघडते, पण 'मराठी' या शब्दाच्या जागी रोमन ई, जे, के, मोठा बी, एच अशी अक्षरं दिसतात. फाइलमध्ये मुळात तीच साठवलेली असतात. देवनागरी रूप फक्त फॉन्ट देतो. जुन्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरमधून फॉन्ट आणून टाकला आणि मजकूर परत दिसला. मग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर देवनागरी म्हणूनच साठवल्या जाणाऱ्या पद्धतीत, बदलायला घेतला. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी सांभाळून घेतो, जोडाक्षर आलं की घसरतो. वडिलांनी मध्येमध्ये इंग्रजीत लिहिलेली ऑफिसची नावंही त्याने इमानदारीने 'मराठी' करून टाकली! अजून ६० पानं तपासायची आहेत.

तुमचं काय अडलं, कसं सुटलं (किंवा सुटलंच नाही), ते खाली आपापल्या टोपणनावाने लिहा. 'लिनक्स टाका' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

खिळेजुळारी

माझं सांगलीकडे छोटं डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दशक्रियेची कार्डं. सगळं पेजमेकर ७ मध्ये, म्हणजे पानं मांडायचं २००१ सालचं सॉफ्टवेअर. नव्या मशीनवर पेजमेकर कसंबसं चढलं. अडलं मराठी टायपिंगच्या पॅकेजच्या लॉकवर. हे लॉक म्हणजे मागे प्रिंटरच्या लांबट पोर्टला लावायचा ठोकळा. तो नसेल तर कीबोर्ड मराठी टाइपच करत नाही. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. यूएसबीची कन्व्हर्टर केबल आणली, ती फक्त प्रिंटर ओळखते, लॉक नाही. पोर्टचं कार्ड बसवलं, तर ६४-बिट विंडोजसाठी लॉकचा ड्रायव्हर निघालेलाच नाही. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला नवीन आवृत्ती घ्या. घेतली असती हो, पण तिचे फॉन्ट जुन्या फायलींशी जुळत नाहीत. ओळी हलतात, चार पानांचा अहवाल पाच पानांचा होतो.

शेवटी जुनं विंडोज एक्सपीचं मशीन ठेवलं, नेटची वायर काढून. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना दहा-वीस फायलींची पीडीएफ काढतो, फॉन्ट एम्बेड करून (फाइलमध्येच घालून). म्हणजे निदान छापता तरी येतात. दुरुस्ती मात्र येत नाही, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक सचिव म्हणतो, "गेल्या वर्षीचाच काढा, फक्त आकडे बदला."

एक टीप : कुणाकडे इनडिझाइन सीएस ६ (पानं मांडायचंच, पण नंतरचं सॉफ्टवेअर) असेल तर जपा. पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली थेट उघडणारी ती शेवटची आवृत्ती. फुकट मिळणारं लिब्रेऑफिसही उघडतं, पण मांडणी तपासून घ्यावी लागते.

अडत दुकान

आमची पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) अजून फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेसवर निघते. डॉसचा (विंडोजच्या आधीच्या काळातला) प्रोग्राम, गावातल्याच एका मुलाने १९९६ ला लिहिलेला. हमाली, तोलाई, अडत सगळं बरोबर वजा होतं, मग बदलायचा कशाला? पहिल्यांदा मशीन बदललं तेव्हा तो सुरूच होईना, 'डिव्हाइड बाय झीरो'. कारण ऐकून हसावं की रडावं कळेना : मशीन जास्त वेगवान! सुरू होताना प्रोग्राम एक फेरी मारून वेळ मोजतो, ती वेळ शून्य भरते आणि तो शून्याने भागायला जातो. तेव्हा त्यावर पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, मिळाला होता.

आताचं ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, म्हणून डॉसबॉक्स, म्हणजे विंडोजमध्येच जुना डॉस उभा करणारा प्रोग्राम. पडद्यावर सगळं झकास. छपाईला मात्र त्याचाच भाऊ डॉसबॉक्स-एक्स घ्यावं लागलं, आणि सेटिंग जमेपर्यंत आठ दिवस पट्ट्या हाताने लिहिल्या. शेतकरी म्हणाले हेच बरं, वाचता येतं.

फॉक्सप्रोच्या खात्यांच्या डीबीएफ फायली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडतात. प्रोग्राम गेला तरी २९ वर्षांची खाती हाताशी आहेत, हे कळल्यावर झोप लागली.

फळा आणि डस्टर

कॉलेजात टर्बो सी, म्हणजे डॉसच्या काळातलं सी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर, शिकवतो. तेही डॉसबॉक्समध्ये. मुलं पडदा बघून विचारतात, सर, हे निळं का असतं? उत्तर नाही.

न्यू जर्सीकर

मंडळाच्या जुन्या स्मरणिका 'शिवाजी' फॉन्टात. मॅक २०१९ मध्ये कॅटालिना या नव्या आवृत्तीवर नेला आणि ३२-बिट अ‍ॅप्स एकगठ्ठा बंद. फॉन्ट वाचला, मांडणीचं सॉफ्टवेअर गेलं. छापील प्रती एका काकूंच्या बेसमेंटमध्ये होत्या, त्या स्कॅन केल्या. स्कॅनरला तरी नव्या मॅकचा ड्रायव्हर कुठे होता? व्ह्यूस्कॅन या दुसऱ्या सॉफ्टवेअरने चालवला.

चहा ठेवलाय

माझी आत्या पत्रिका बघते, पैसे घेत नाही. तिचं सॉफ्टवेअर सीडीवरचं, आणि त्याचा कोड हार्डडिस्कच्या नंबरशी बांधलेला. डिस्क बदलली की नवा कोड मागायचा. मागायचा कुणाकडे? बॉक्सवरच्या नंबरवर आता कुणीतरी रिक्षावाले दादा उचलतात. सज्जन आहेत, आत्याने त्यांचीही पत्रिका केली. मी जुन्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) करून व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या खोट्या संगणकात, चालवून पाहिली, तिथेही डिस्कचा नंबर वेगळा, कोड चुकीचा.

मी म्हटलं, जन्मवेळा लिहून घेऊ, नवं सॉफ्टवेअर कुंडल्या पुन्हा मांडेल. ती म्हणाली, "कुंडली मांडेल रे. शेरे?" प्रत्येक पत्रिकेखाली एका चौकटीत तिने वीस वर्षं लिहिलंय : कुणाचं लग्न कधी ठरलं, कुणाला काय सांगितलं, ते चुकलं का. त्या चौकटीतून कॉपी होत नाही, एक्स्पोर्टही नाही. ३१२ पत्रिका आहेत. जुनं मशीन दर अर्ध्या तासाने बंद पडतं, तेवढ्यात मी मोबाइलवर फोटो काढतो आणि ती शेजारी बसून 'हिला मुलगी झाली' वगैरे सांगत असते, त्यामुळे अर्ध्या तासात पाचच होतात. काल १९७ पर्यंत आलो.