तीन गटांचं गणित: वर्तुळं काढायची की थेट सूत्र लावायचं?

खाडीकाठ
स्पर्धा परीक्षेच्या मुलांना सर्रास सांगितलं जातं की वेन आकृतीत, म्हणजे गटांसाठी एकमेकांत शिरलेली वर्तुळं काढण्यात, वेळ जातो, सूत्र पाठ करा. मला हे साफ अमान्य आहे. सरावाचं एक उदाहरण घेऊ. गुहागरकडच्या गावात १४० घरांची पाहणी केली. आंब्याची कलमं ८२ घरांकडे, काजू ७०, माड ६१. आंबा आणि काजू ३८, काजू आणि माड ३०, आंबा आणि माड ३४. तिन्ही १८. यातलं काहीच नाही अशी घरं किती?

आधी चौकोन काढा, तो १४० घरांचा. आत एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळं. भरायचं मात्र मधूनच: तिन्हींच्या छेदात १८. मग दोन-दोनचे कप्पे: ३८−१८=२०, ३०−१८=१२, ३४−१८=१६. मग फक्त आंबा ८२−(२०+१६+१८)=२८, तसंच फक्त काजू २०, फक्त माड १५. सातही कप्पे मिळून १२९, बाहेर उरली ११ घरं.

मुलं हमखास चुकतात ते ३८ जसेच्या तसे दोनच्या कप्प्यात लिहून. 'आंबा आणि काजू ३८' यात तिन्ही असलेली १८ घरंही आलीच. ३८ आणि ३४ तसेच भरले, तर फक्त आंबा येतो ८२−३८−३४−१८ = −८. उणे आठ घरं कुठून येणार? चूक तिथल्या तिथे दिसते.

घाटमाथा
पटत नाही. तिन्ही गटांची बेरीज २१३, त्यातून जोड्यांची बेरीज १०२ वजा, तिन्हीचे १८ अधिक: १२९. एका ओळीत उत्तर. प्रश्न 'काहीच नाही' एवढाच असेल तर सात कप्पे भरायचे कशाला? 'नेमकी दोन' विचारलं तर १०२−३×१८=४८. आकडे उलटे दिले तरी अडत नाही. समजा, फक्त एकच असलेली ६३ आणि काहीच नसलेली ११ दिली आहेत. मग दोन आणि तिन्हीवाली मिळून १२९−६३=६६. बेरीज २१३ मध्ये दोनवाली दोनदा आणि तिन्हीवाली तीनदा मोजली गेली, म्हणजे त्यांचा वाटा २१३−६३=१५०. १५०−२×६६=१८. तिन्हीवाली घरं मिळाली, वर्तुळ एकही काढलं नाही.

आणि चौथा गट सुपारीचा आला तर? कप्पे १६ हवेत, चार वर्तुळांतून बाहेरचा भाग धरूनही जास्तीत जास्त १४ पडतात. म्हणून तर ही आकृती ज्याच्या नावाची त्या जॉन वेनने १८८० च्या लेखात चार गटांसाठी लंबवर्तुळं घेतली.

खाडीकाठ
चार गटांचं मान्य, तिथे वर्तुळं नकोतच. पण तीन गटांत तुमची एक ओळ काय लपवते ते बघा. आंबा आणि माड ३४ ऐवजी ५४ असं टिपलं गेलं. सूत्र म्हणतं २१३−१२२+१८=१०९, म्हणजे काहीच नसलेली ३१ घरं. उत्तर अगदी शक्य वाटतं, कुणालाही शंका येणार नाही. आता कप्पे भरा: आंबा-माड ५४−१८=३६, फक्त माड ६१−१२−३६−१८ = −५. असं गावच असू शकत नाही! परीक्षेत अर्धा मिनिट वाचवा हवं तर, पण पाहणीचे आकडे तपासायचे असतील तर सातही कप्पे भरायलाच हवेत.

परसदार
दोघंही आकडे हातात आल्यानंतरचं बोलताय. कोकणात घोळ त्याच्या आधीच होतो. 'माड आहे का?' असं विचारलं तर परसातल्या एका माडावरही हो येतं, आणि माडाचं वर्तुळ जवळजवळ सगळा चौकोन व्यापतं. 'उत्पन्न देणारे किमान दहा' असं काहीतरी प्रश्नातच ठरवा. सामाईक कलमांचं तेच. तीन भावांची तीन घरं आणि बाग एक, तर मोजणी घरांची की सातबाऱ्यांची? घरांची असेल तर तिघांचंही हो धरा, पण मग त्या आकड्यावरून बागा किती ते सांगू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद घरं. चाकरमानी मुंबईला, दाराला कुलूप. ती घरं 'काहीच नाही'त टाकली जातात, हे साफ चूक. उत्तर न मिळणं वेगळं आणि 'नाही' हे उत्तर वेगळं. १४० मध्ये उत्तर मिळालेलीच घरं धरा, बंद घरं वेगळी लिहा.

आणि या आकड्यांचा गोल तक्ता काढू नका. टक्के साधारण ५९, ५० आणि ४४ येतात, बेरीज १०० च्या पुढे जाते.

घाटमाथा
५४ चं उदाहरण बरोबर आहे. तीन गटांची पाहणी असेल तर कप्पे भरून तपासा, माझा आग्रह परीक्षेपुरता. चार गटांना मात्र तक्ताच लावा. प्रत्येक घराला एक ओळ, चार रकाने, आहे तर १, नाही तर ०. एक्सेलमध्ये चारही जोडून ११०१ असा सांकेतिक मजकूर करा आणि कोणता किती वेळा आला ते मोजा. सोळाच्या सोळा कप्पे थेट मिळतात, वजाबाकी करावीच लागत नाही. रकाना मजकुराचाच ठेवा, आकड्याचा केलात तर ००११ चे ११ होतात.