एअरब्रश अकरा वर्षांनी बाहेर काढलाय, मदत हवी आहे

मंडळी, पूर्वी पेणला गणपतीच्या कारखान्यात सीझनला शेडिंग करायचो. पितांबराच्या चुण्या, गालावरची लाली, सोंडेच्या वळणातली सावली, सगळं एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार). आखणी (मूर्तीचे डोळे रेखाटणं) मात्र कधी केली नाही, ते जुन्या हातांचं काम. मग नोकरी लागली आणि सगळं माळ्यावर गेलं.

यंदा घरचा शाडूचा गणपती स्वतः रंगवायचा ठरवलंय. एअरब्रश डबल ॲक्शन (खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग), ०.३ मिमी नोझलचा. आत जुना रंग दगडासारखा बसला होता, थिनरमध्ये रात्रभर भिजवून सुटा केला (बहुतेक तिथेच चुकलं, रबरी रिंगा फुगल्यात). आता हवा सोडली की कपातल्या रंगात बुडबुडे येतात आणि फवारा थुंकल्यासारखा तुटक पडतो. सुई कापसावरून फिरवली तर टोकाला धागे अडकतात, म्हणजे टोक वाकलंय.

सुई २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर फिरवून सरळ होईल, की नवीच घेऊ? बुडबुडे नोझलला चीर गेल्यामुळे येत असतील की नुसत्या रिंगांमुळे? नोझल इतकं बारीक आहे की भिंगातूनही नीट कळत नाही.

दुसरं, तेव्हा आम्ही लॅकर (थिनरमध्ये पातळ करायचा रंग) वापरायचो. आता विसर्जनाचा विचार करून पाण्यातले रंग घेतलेत, पण ते सुईच्या टोकावरच सुकतात. पाणी वाढवलं तर ओघळतात. हवेचा दाब २० पीएसआय ठेवतोय, कमी करू का? शाडूवर आधी काही हात द्यावा लागतो का?

आणि हो, कॉम्प्रेसरचा आवाज कमी करायचा काही उपाय असेल तर तोही सांगा. खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्यात.