बोर्गेझे संग्रह: दान की खरेदी?

दगडफूल:
रोमच्या बोर्गेझे गॅलरीबद्दल वाचताना एक गोष्ट जुळत नाही. कुठे लिहिलंय की घराण्याने संग्रह देशाला अर्पण केला, कुठे म्हटलंय सरकारने विकत घेतला. विकत घेतला असेल, तर कर्जात बुडालेल्या घराण्याने चित्रं सुटी सुटी का विकली नाहीत? आणि एखादं चित्र हा संग्रह उभारणाऱ्या कार्डिनल शिपिओने बोर्गेझेच्या काळातलं (17 व्या शतकाची सुरुवात) की नंतर आलेलं, हे तपासायचं कसं?

ताम्रपट:
खरेदीच. 1902 मध्ये इटलीच्या सरकारने व्हिला (आज गॅलरी आहे तो घराण्याचा बागेतला बंगला) आणि संग्रह मिळून 36 लाख लिरा मोजले. दानाची गोष्ट बहुतेक फ्लोरेन्सवरून चिकटली असावी: तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्यातल्या आन्ना मारिया लुइझाने 1737 च्या करारात संग्रह राज्याला दिला, अट एकच, काहीही शहराबाहेर जाता कामा नये. बोर्गेझेंनी असं काही केलं नाही.

सुटी विक्री कायद्यामुळे अडली. 1833 मध्ये फ्रान्चेस्को बोर्गेझेने चित्रांवर 'फिदेकोमिस्सो' लावला. म्हणजे वारसाने संग्रह उपभोगायचा, पण विकायचा किंवा वाटून घ्यायचा नाही. इटली एक झाल्यावर असली बंधनं रद्द झाली, मात्र 1871 च्या कायद्याने रोममधल्या अशा गॅलऱ्या त्यातून वगळल्या. 1883 मध्ये थोडी सूट मिळाली, पण विकायचं तर सरकारला किंवा सार्वजनिक संस्थेलाच. 1880 च्या दशकात रोममधल्या बांधकामाच्या सट्ट्यात घराणं बुडालं, तेव्हा गिऱ्हाईक जवळजवळ एकच उरलं होतं. भाव त्यामुळेच पडला. 1899 मध्ये रॉथशिल्ड या बँकर घराण्याने चित्रकार तित्सियानच्या 'पवित्र आणि ऐहिक प्रेम' या एकाच चित्रासाठी 40 लाख लिरा देऊ केले होते, म्हणजे पुढे अख्ख्या व्हिलासकट मिळालेल्या किमतीपेक्षा जास्त!

शिलालेख:
वरच्यात एक भर. बंधन 1833 चं, त्यामुळे आधी गेलेलं परत आलं नाही. सगळ्यात मोठं भगदाड 1807 चं. कामिल्लो बोर्गेझे हा नेपोलियनच्या बहिणीचा, पाओलिनाचा, नवरा. मेहुण्याच्या दबावाखाली त्याने प्राचीन शिल्पं फ्रान्सला विकली. 'बोर्गेझे योद्धा' हा प्राचीन पुतळा आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे तो त्यामुळेच. 1815 मध्ये नेपोलियन हरल्यावर रोमला बरीच लूट परत मिळाली, पण ही कागदोपत्री विक्री होती, म्हणून ती तिथेच राहिली. चित्रंही गेली: काराव्हाज्जोचं लंडनमधलं 'एमाउसचं भोजन' एके काळी शिपिओनेकडे होतं.

उलट बाजूही बघा. कोर्रेज्जोची 'दानाए' कामिल्लोने 1827 मध्ये पॅरिसला विकत घेतली. प्रवेशदालनातली ग्लॅडिएटरांची मोझेक फरशी रोमजवळच्या तोर्रेनोव्हाच्या उत्खननात 1834 मध्ये सापडली. भिंतीवर आहे म्हणजे शिपिओनेचं, हे गृहीतच धरू नका.

पानगळ:
तपासायचं असेल तर आधी मानिल्ली या लेखकाने 1650 मध्ये छापलेलं व्हिलाचं वर्णन बघा, मग 1693 ची यादी. लोक चुकतात ते इथेच: 1693 ची यादी कांपो मार्झिओतल्या शहरातल्या वाड्याची आहे, व्हिलाची नाही. चित्रं वाड्यातून व्हिलात आली ती 1891 च्या सुमारास. तेव्हा यादीत नाव नाही एवढ्यावरून चित्र उशिरा आलं असं ठरत नाही.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात रंगवलेला छोटा आकडा दिसला, तर तो बहुधा याच यादीतला असतो. गॅलरीच्या आजच्या क्रमांकाशी त्याचा संबंध नाही, दोन्हींची सरमिसळ करू नका. कडा कापल्या गेल्या असतील तर आकडाही जातो. मग मापावरून जावं लागतं. यादीतली मापं पाल्मोमध्ये आहेत, 1 पाल्मो म्हणजे साधारण 22.3 सेंमी, आणि तीही ढोबळ. दोन-चार सेंमीच्या फरकावरून चित्र बाद करू नका.

चित्रकाराच्या नावावर तर अजिबात भिस्त ठेवू नका, विषय जुळवा. अर्थात विषयही दगा देतो. राफाएलची 'एकशिंगी (कपाळावर एक शिंग असलेला काल्पनिक प्राणी) असलेली स्त्री' कित्येक वर्षं संत कॅथरीन म्हणून टांगलेली होती: खांद्यावर झगा आणि हाताशी चाक (संत कॅथरीनची ओळखखूण) मागाहून रंगवलेलं. 1930 च्या दशकात तो थर काढला, तेव्हा मांडीवरचं एकशिंगी पिल्लू दिसलं.